बाणाची भावंडं पाहायला: नाशिक, नांदगाव, चांदवड

रजेच्या अर्जात कारणाच्या जागी मी खरं ते लिहिलं: माझ्या कुत्र्याच्या भावंडांना भेटायला जायचं आहे. आमच्या दवाखान्यातल्या मोठ्या नर्सबाईंनी तो अर्ज चष्म्यावरून वाचला, चष्म्यातून वाचला, आणि "घरगुती काम" असं म्हणून मंजूर करून टाकला. पौष असो की श्रावण, बाळंतपणं थांबत नाहीत. तरी त्यांनी मला सोडलं, याबद्दल त्यांचे आभार मानते आणि प्रवासाला लागते.

मी नाशकातल्या एका दवाखान्यात सुईण आहे. शिकलेली, परीक्षा दिलेली. लोक नर्सताई म्हणतात. घरी आम्ही दोघंच, मी आणि बाण. बाण कारवानी जातीचा कुत्रा आहे. ज्यांनी ही जात पाहिली नसेल त्यांना सांगते: उंच पाय, आत गेलेलं पोट, लांबट तोंड, अंगावर चरबीचं नाव नाही. पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो, "बाई, याला उपाशी ठेवता का?" मग बाण माळावर सशामागे सुटला की विचारणारा गप्प बसतो.

त्याच्या थोडं आधी देवळालीच्या छावणीत कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं होतं. साहेबलोकांचे केसाळ, बुटके, चपट्या नाकाचे कुत्रे मंडपात, आणि आपल्या देशी कुत्र्यांसाठी एका बाजूला दोर लावलेली जागा. परीक्षक साहेबाने भर दुपारच्या उन्हात बाणाचे दात पाहिले, खांदे चाचपले, त्याला रिंगणात फिरवायला लावलं, आणि देशी कुत्र्यांतला पहिला चांदीचा कप त्याला दिला. बक्षिसं वाटेपर्यंत दिवेलागण झाली. गर्दीतून मी पुढे गेले तेव्हा बाण नेहमीसारखा माझ्या गुडघ्याला अंग लावून चालला होता. साहेबाने कारकुनाकरवी मला सांगितलं की इतका इमानाने चालणारा कुत्रा आज दुसरा पाहिला नाही. मी फुशारून गेले. ती बाणाची खासियतच होती. दिवसभर कुठेही उंडारेल, पण संध्याकाळ झाली की माझ्या गुडघ्याशी. आमच्या आळीत त्याला "ताईंची सावली" म्हणत.

दुसऱ्याच दिवशी खानसाहेब घरी आले. जुन्या नाशकात त्यांचं अत्तराचं दुकान आहे. वयाने माझ्या वडिलांइतके, आणि कुत्र्यांच्या बाबतीत गावात माझं ज्यांच्याशी पटतं असे एकटेच. त्यांच्याकडे रेशमा नावाची कारवानी कुत्री आहे. तिचा वंश त्यांच्या वडिलांनी सांभाळला, मग यांनी. आता त्या वंशातली ती एकटीच उरलेली, आणि तिचंही वय झालेलं.

"बेटी, हा आखरी मौका आहे," ते म्हणाले. "संक्रांतीनंतर ती माजावर येईल. पुढच्या खेपेला तिच्याच्याने होणार नाही. एक वेत मिळालं तर अब्बांची निशाणी राहील. तुझा बाण दे."

माझ्या तोंडावर "घ्या की" आलंच होतं. बाणाची पिल्लं, तीही रेशमाच्या पोटची! पण मला दौलतरावांना दिलेला शब्द आठवला. (बाईमाणसाने असल्या विषयावर लिहावं का, असं ज्यांना वाटेल त्यांनी खुशाल इथे थांबावं. माझा रोजचा धंदाच बाळंतपणाचा आहे.)

दौलतराव चांदवडकडचे मोठे शेतकरी. बाण त्यांच्याकडचा. ते पिल्लू विकत नाहीत, देतात. तेही कुणालाही नाही. न्यायला येणाऱ्याने आपल्या हाताने पिल्लाला भाकरीचा तुकडा भरवायचा आणि उंबऱ्यावर उभं राहून शब्द द्यायचा: याला जोडीला लावायच्या आधी याची सगळी भावंडं स्वतःच्या डोळ्यांनी बघेन. मी तेव्हा कारण विचारलं होतं. "एकल्या कुत्र्यावरनं काय बी कळत नाय ताई," ते म्हणाले होते. "समदं वेत बघावं लागतं." किती जण हा शब्द पाळतात देव जाणे. बाणाच्या वेतातलं एक पिल्लू लहानपणीच गेलं. उरली तीन: बाण, नांदगावचा भाऊ, आणि दौलतरावांनी स्वतःकडेच ठेवलेली बहीण. दोन गावं तर होती. मी खानसाहेबांना म्हटलं, "आठवड्याभरात येते आणि सांगते." ते हसले. त्यांच्या मते होकार झालाच होता, आणि खरं सांगायचं तर माझ्याही मते.

नांदगाव

कुत्रा घेऊन जाणार असाल तर नाशिकरोडला गाडीच्या बऱ्याच आधी पोचा. गावातून टांगा करावा लागतो, आणि कुत्रा पाहून टांगेवाला भाडं वाढवतो. स्टेशनात कुत्र्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं आणि त्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत बसावं लागतं. पेटीत जाळी असते, हवा येते, पण आत अंधार असतो. बाण आत जाताना पाय रोवून उभा राहिला. मला वाटलं, माझ्यापासून दूर जायला नको म्हणतोय. मी त्याची समजूत घातली, गार्डाने शेपटी आत सारली आणि दार लावलं.

मनमाडला गाडी बराच वेळ थांबते. चहा कडक मिळतो, भजी मात्र तेलकट असतात. मी बाणाला खाली उतरवून पाणी पाजलं. फलाटावर बोचक्यावर बसलेल्या एका बाईने विचारलं, "कुठं चालल्या कुत्र्याला घिऊन?"

"त्याच्या भावाकडे."

"लगीन हाय का काय?"

"बघायचा कार्यक्रम आहे म्हणा."

"मंग हळद लावली न्हाई ती?" ती म्हणाली आणि आम्ही दोघी मनापासून हसलो. त्या प्रवासात मी इतकी हसले ती तेवढीच.

नांदगावला युसुफभाई स्टेशनावर आले होते. ते लुगड्यांचे व्यापारी. आठवडे बाजार करत हिंडतात, आणि त्यांचा कुत्रा शेरा मालाच्या गाडीवर राखणीला असतो. शेरा म्हणजे बाणाचा भाऊ. दोघांनी एकमेकांना हुंगलं आणि भावंडं असल्याची काही ओळख न देता तोंडं फिरवली. माणसांतही असं होतं. दिसायला मात्र तेच खांदे, तीच मान. मी मनातल्या मनात खुणा करत गेले: दात बरोबर, पाय सरळ, छाती खोल.

युसुफभाईंच्या पत्नी अमीनाभाभी. त्यांनी गव्हाचा खिचडा केला होता आणि माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात वरणभात. मी विचारण्याआधीच म्हणाल्या, "भांडं नवं आहे, ताई." मी म्हटलं, "मी अडलेल्या बाईच्या घरी जे असेल ते खाते. खिचडाही वाढा." त्यानंतर आमचं फार चांगलं जमलं.

संध्याकाळी युसुफभाई, मी आणि दोन कुत्रे असे गावाबाहेर फिरायला निघालो. दिवस कलला तसा शेरा मागून आला आणि युसुफभाईंच्या गुडघ्याला अंग लावून चालू लागला. इकडे माझ्या गुडघ्याला बाण.

"पाहिलंत?" युसुफभाई म्हणाले. "मगरिबची अजान झाली की असा चिपकतो. दिवसभर हाक मारा, येणार नाही. शाम झाली की मी म्हणजे त्याचा जीव. इतकी मोहब्बत माझी पोरं पण नाही करत."

"अहो, आमचा अगदी तस्साच!" मी म्हटलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. गुण रक्तातला आहे, उतरतो आहे, याचा याहून चांगला पुरावा कोणता? रेशमाच्या पिल्लांतही हा येणार. खानसाहेबांना हे कधी सांगते असं मला झालं.

घरी आल्यावर अमीनाभाभींनी शेऱ्याचं भांडं अगदी त्याच्या नाकाखाली धरलं. "दिवसा खातो आपलं आपण," त्या म्हणाल्या. "रात्रीचं असं हातात धरावं लागतं. लाडावून ठेवलाय यांनी." मी हसले आणि ते विसरूनही गेले.

सकाळी माळावर दोघांना सोडलं. थंडी होती, गवतावर ऊन नुकतं आलं होतं. ससा काही मिळाला नाही, पण दोघं भाऊ नुसते धावण्यासाठी धावले आणि आम्ही दोघं उभ्याउभ्या पाहत राहिलो. युसुफभाई निरोप देताना म्हणाले, "रिश्ता पक्का समजायचा?" मी म्हटलं, "बहीण तेवढी बघते, मग पक्का."

चांदवड

मनमाडहून चांदवडला सर्व्हिस मोटारी जातात. मोटारवाल्याने कुत्र्याचं भाडं माणसाइतकंच मागितलं. मी म्हटलं, मग त्याला माणसासारखी बसायला जागा दे. शेवटी अर्ध्यावर तुटलं आणि बाण माझ्या पायांत बसला. रस्ता खडीचा. धूळ इतकी की उतरताना सगळे प्रवासी एकाच रंगाचे. चांदवडचे डोंगर लांबूनच दिसू लागतात. ज्यांना वेळ असेल त्यांनी रेणुकादेवीचं दर्शन घ्यावं. मी परतताना घेईन म्हटलं होतं, ते राहिलंच.

दौलतरावांनी बैलगाडी पाठवली होती. दोन्ही बाजूंना कांद्याची रोपं लावायचं काम चाललेलं, बायका ओळीने वाकलेल्या. वस्तीवर पोचले तेव्हा दौलतराव स्वतः फाटकाशी उभे होते. पांढऱ्या मिशा, आवाज मोठा. बाणाला पाहताच खाली बसले आणि त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "कप मिळवला म्हनं! आमच्या वस्तीचं नाव काढलंस."

जेवायला बाजरीची भाकरी, पातीच्या कांद्याचं पिठलं आणि लसणाची चटणी. दौलतरावांची सून वाढत होती. जेवण झाल्यावर ते म्हणाले, "चला ताई, आधी याच्या बापाला भेटा."

विहिरीच्या अलीकडे आंब्याखाली एक घडीव दगड होता. त्यावर धावणारा कुत्रा कोरलेला, आणि दोन ताजी झेंडूची फुलं वाहिलेली. हा राजा, बाणाचा बाप. दौलतरावांनी त्याची गोष्ट सांगितली. ती त्यांनी अनेकदा सांगितली असावी, कारण कुठे थांबायचं ते त्यांना ठाऊक होतं. एका संध्याकाळी मोटेचा दोर तुटला म्हणून ते विहिरीच्या पायऱ्या उतरून खाली गेले होते. राजा वर राहिला होता. त्याने कण्हल्यासारखं केलं म्हणून यांनी खालून हाक मारली. "हाकेसरशी उडी घेतली त्यानं," दौलतराव म्हणाले. "मालक खाली हाय, म्हंजे आपुन बी खाली. मागचा इचार नाय, पुढचा नाय. दगडावर डोकं आपटलं. माझ्या मांडीवर गेला."

त्यांचे डोळे भरून आले होते, माझेही आले. मग त्यांनी सांगितलं की राजाची ही माया पुढे टिकावी म्हणून तो जिवंत असतानाच त्यांनी त्याला त्याच्याच पुतणीशी लावलं होतं. रक्त घट्ट राहिलं म्हणजे माया पक्की होईल. त्या जोडीचं वेत म्हणजे बाण, शेरा आणि बहीण. "दिवेलागनीला मानसाला चिकटत्यात न्हवं? तीच ती. बापाची."

"शेराही चिकटतो," मी म्हटलं. "कालच पाहिलं."

ते सुखावले. मग मी बहिणीबद्दल विचारलं, तशी त्यांची मान थोडी खाली गेली. "वीज ना. हाय की. पन ती मागल्या साली आजारी पडली. ताप डोळ्यांत उतरला. बघा तुम्ही, तुम्ही दवाखान्यातल्या."

वीज गोठ्याच्या कडेला, दोराने बांधलेली होती. ती बाणाचीच आकृती, फक्त मान खाली घातलेली. मी जवळ गेले तेव्हा तिने आधी कान वळवले, मग तोंड. भर दुपारी तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, पसरलेल्या होत्या. मी तिच्या डोळ्यांसमोरून, वारा लागणार नाही इतक्या हळू, हात फिरवला. तिची पापणी लवली नाही.

"ताप कधी आला होता?" मी विचारलं.

दौलतरावांनी सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, "ताप असा नाय आला, ताई. मामंजी म्हन्त्यात ताप. आधी तिला फकस्त अंधार पडल्यावर दिसंना. माझा पदर धरल्यागत मागं मागं यायची. मंग हळूहळू दिवसाचंबी दिसंना झालं. काळीज खाऊ घातलं वर्षभर, काय उपेग झाला नाय."

मी तिथेच गोठ्याच्या दगडावर बसले. आमच्या दवाखान्यात आठव्या-नवव्या महिन्यातल्या बाया येतात आणि सांगतात, "ताई, दिवे लागले की वाट दिसत नाही." त्या येतात तेव्हा सासूचा पदर धरून, अंगाला अंग लावून येतात. कुणी त्याला सासूवरची माया म्हणत नाही. तो रातांधळेपणा असतो. काळीज खाल्लं, बाळंत झाल्या, की बहुतेकींचा बरा होतो. विजेचा बरा झाला नव्हता. म्हणजे तो खाण्यातल्या कमतरतेचा नव्हता, तो ती जन्माला येतानाच घेऊन आली होती.

आणि शेऱ्याचं भांडं नाकाखाली धरावं लागत होतं. आणि बाण पेटीतल्या अंधारापुढे पाय रोवून उभा राहिला होता.

मी दौलतरावांना एवढंच म्हटलं, दिवे लागायच्या वेळी मला खळं मोकळं करून द्या.

बाणाला ते खळं नवं होतं. घरी तो आमच्या आळीतला प्रत्येक दगड ओळखतो, इथे ओळखीचं काहीच नव्हतं. सूर्य डोंगरामागे गेला. आम्हा माणसांना अजून सगळं छान दिसत होतं, अगदी चेहऱ्यांवरचे भावसुद्धा. दौलतराव आणि मी मिळून एक बाज खळ्याच्या मधोमध आडवी ठेवली. दौलतरावांनी बाणाला पलीकडे धरलं आणि मी अलीकडे उभी राहिले. हाक मारायची नाही, नुसतं उभं राहायचं, असं मी स्वतःला बजावलं होतं. दौलतरावांनी त्याला सोडलं.

बाण जागचा हलला नाही. त्याने मान वर करून हवा हुंगली. एक पाय पुढे टाकला, मागे घेतला. ज्या कुत्र्याला मी कधी चाचपडताना पाहिलं नव्हतं, तो एकेक पाऊल तपासत येत होता. मला राहवलं नाही. मी हाक मारली, "बाण!"

तो आवाजाच्या दिशेने सरळ सुटला आणि बाजेवर आदळला.

त्याला फार लागलं नाही. उठला, बाजेला वळसा घातला, माझ्यापर्यंत आला आणि माझ्या गुडघ्याला अंग लावून उभा राहिला. त्याची कूस थरथरत होती. मी त्याला कवटाळलं आणि रडले, लाजले नाही. इतके दिवस तो मला चिकटत होता आणि मी कौतुकाने लोकांना दाखवत होते.

दौलतराव खळ्याच्या त्या टोकाला तसेच उभे होते. मग त्यांचा तो मोठा आवाज अगदी बारीक होऊन आला.

"ताई, म्हंजे राजानं उडी नाय घेतली."

मी बाणाला घेऊन त्यांच्याजवळ गेले.

"त्याला हीर दिसली नाय. मी हाक मारली, आन् तो आला." ते खाली बसले. "मीच बोलवलं त्याला."

सून आतून कंदील घेऊन आली आणि त्या उजेडात बाणाच्या दोन्ही डोळ्यांत हिरवट चकाकी दिसली. राजाचे डोळेसुद्धा असेच चकाकत, असं दौलतराव म्हणाले. लोक म्हणायचे, वाघाची नजर आहे.

सकाळी मी उठले तेव्हा ते आंब्याखाली दगडासमोर उभे होते. मला वाटलं, दगड काढायला निघाले की काय. पण त्यांनी कालची फुलं काढून ताजी वाहिली. म्हणाले, "कुत्रा खोटा नव्हता, ताई. गोष्ट मी चुकीची सांगितली." मग डोक्याला मुंडासं बांधून त्यांनी गाडी जुंपायला सांगितली. राजाच्या रक्ताची पिल्लं जिथे जिथे गेली होती, त्या प्रत्येक घरी ते स्वतः जाणार होते. मी म्हटलं, निरोप धाडला तरी चालेल. "भावंडं बघा म्हनून शब्द घेनारा मी," ते म्हणाले, "आन् बाप निवडताना मी काय बघितलं? जे आवडलं त्ये. हे माझ्याच तोंडानं सांगाया पायजे." युसुफभाईंना मात्र मीच सांगणार असं ठरलं.

नाशिक

चांदवडहून आग्रा रोडने थेट मोटार मिळते. पिंपळगावला पेरू चांगले, ओझरला मोटार पाणी प्यायला थांबते. रस्ता त्या मानाने बरा आहे. एवढंच मला आठवतं. बाकी सगळा वेळ मी खानसाहेबांना काय सांगायचं याचा विचार करत होते. दिवसा खिडकीतून दिसणारं प्रत्येक झाड बाण टक लावून पाहत होता.

खानसाहेब माझ्या घराच्या ओट्यावर वाट पाहत बसलेले. शेजारी रेशमा, तिच्या गळ्यात नवा पट्टा. ती माजावर आली होती, ठरल्यापेक्षा लवकर. "वक्त पर आलीस, बेटी," ते म्हणाले. "आज-उद्याचाच सवाल आहे."

मी बाणाला आत बांधलं, दार लावलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मऊ करून सांगायची माझी पद्धत नाही. बाळंतिणीच्या नवऱ्यालाही मी जे असेल ते सांगते.

ते आधी हसले. मग म्हणाले, "पण दिवसा तर दिसतं ना त्याला? कप मिळाला. साहेबाने पाहिलं."

"साहेबाने दुपारी पाहिलं."

"एका वेताची बात आहे, बेटी. पिल्लं दिवसा खेळतील. संध्याकाळी मी बांधीन. माझ्या दुकानात दिवे काय कमी आहेत?"

"आणि तुम्ही ज्यांना द्याल ते? त्यांची पिल्लं?"

"मी कुणाला देणार नाही."

"विजेचं दिवसाचंही गेलं, खानसाहेब. मी पाहून आलेय. तुम्ही पाहिलं असतं तर माझ्याकडे मागितलं नसतं."

त्यांनी रेशमाच्या पाठीवर हात ठेवला. "मग खतम," ते म्हणाले. "अब्बांचं सगळं इथे खतम. दुसरा कारवानी नर मी दोन दिवसांत कुठून आणू?" मी चहा टाकते म्हटलं. तो न घेताच ते उठले आणि रेशमाला घेऊन गेले. माझ्या नकाराने काय संपतंय हे मला माहीत होतं. तरी मी त्यांना मागून हाक मारली नाही.

बरेच दिवस ते आले नाहीत. मी नांदगावला जाऊन आले. युसुफभाईंनी ऐकून घेतलं आणि शेऱ्याला जवळ ओढून एवढंच विचारलं, "याला दुखतं का?" मी नाही म्हटलं. "मग राहू दे आमच्यात," ते म्हणाले. अमीनाभाभींनी त्या दिवसापासून त्याचं भांडं रोज एकाच जागी ठेवायला सुरुवात केली.

मग एका संध्याकाळी, मी बाणाला घेऊन फिरायला निघत असताना, खानसाहेब आळीच्या तोंडाशी दिसले. सोबत रेशमा. तिचा माज केव्हाच सरला होता. ते जवळ आले, इकडचं तिकडचं बोलले. म्हणाले, त्याच दोन दिवसांत कुणीतरी शहरातला एक सावळा नर दाखवला होता, उंचापुरा. "मी विचारलं, याची भावंडं कुठे आहेत? तो म्हणाला, ठाऊक नाही. मी परत आलो." मग ते बाणाकडे पाहत राहिले. "रेशमाला दिसतं अजून. इस तरफ से वो चलेगी."

तेव्हापासून आम्ही असे चालतो: एका बाजूला मी, मध्ये बाण, दुसऱ्या बाजूला रेशमा, आणि तिच्या पलीकडे खानसाहेब. रेशमाचं अंग बाणाला लागलेलं असतं. खड्डा आला की ती थांबते आणि तोही थांबतो. तिला पिल्लू होणार नाही. खानसाहेब त्याबद्दल बोलत नाहीत, पण कधीकधी चालताना ते तिच्या वडिलांची, आजीची नावं सांगतात, जशी आपण गेलेल्या माणसांची सांगतो.

कपाचं काय केलं, असं बरेच जण विचारतात. कप घरी आहे. दुपारचा बाण खरोखरच तसा आहे, त्याचं बक्षीस मी का लपवू? पण जे कुणी कारवानी पिल्लू आणायच्या विचारात असतील, त्यांना माझ्या या प्रवासातून एवढंच द्यायचं आहे. रस्ता चांगला आहे, माणसं जेवू घालतात, कुत्रे देखणे आहेत. फक्त दुपारी बघून परत फिरू नका. भावंडं कुठे आहेत ते विचारा, तिथे जा, आणि दिवेलागणीपर्यंत थांबा.

काल संध्याकाळी खानसाहेब आले नव्हते. नदीच्या पुलावरून येताना एक ओळखीच्या बाई भेटल्या. बाण माझ्या गुडघ्याशी होता. "किती माया हो याची तुमच्यावर," त्या म्हणाल्या. "याचं पिल्लू झालं तर आम्हाला सांगा बरं."

पूर्वी मी "हो, हो" म्हणून पुढे गेले असते. काल मी थांबले. "माया आहेच," मी म्हटलं. "आणि त्याला दिसत नाही. म्हणून याचं पिल्लू होणार नाही."

त्या ओशाळल्या, बाजूला झाल्या. आम्ही पुढे निघालो. पुलाच्या टोकाला उतार आहे, तिथे मी हल्ली पाऊल जरा हळू टाकते. बाणाने माझ्या गुडघ्याला अंग लावलं आणि तो माझ्याबरोबर उतरला.